न फुटणारा केसो

ऑस्टिनमध्ये कुणाच्याही घरी चार माणसं जमली, की टेबलाच्या मधोमध केसोचं वाडगं असतंच. कोमट, पिवळसर, दाट केसो आणि शेजारी मक्याच्या चिप्सचा ढीग. स्पॅनिशमध्ये ‘केसो’ म्हणजे नुसतं चीज. टेक्ससमध्ये मात्र केसो म्हटलं, की मिरची घालून वितळवलेलं, चिप्स बुडवून खायचं गरम चीज. पूर्ण नाव ‘चिले कॉन केसो’. फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी सुपर बोल असतो, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना. त्या दिवशी दुकानात चिप्सच्या रांगेपाशी उभं राहायला जागा नसते.

मी इथं आलो त्याला नऊ वर्षं झाली. पहिली बरीच वर्षं मी लोकांच्या घरचा केसो खात होतो आणि प्रत्येक वेळी मनात यायचं, हे आपल्याला घरी जमलं पाहिजे. दोन वर्षांपूर्वी आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली होती. त्या डिसेंबरात आम्ही ऑफिसमधल्या मंडळींना आणि मराठी मंडळातल्या दोन कुटुंबांना घरी जेवायला बोलावलं. केसो मी करणार असं आधीच सांगून ठेवलं होतं.

चांगलं करायचं म्हणून मी चीजही चांगलं आणलं. दोन वर्षं मुरवलेलं चेडर, नुसतं खाल्लं तर जिभेला चावा घेणारं. पातेल्यात दूध तापवलं, चीजचे तुकडे टाकले, आच मोठी ठेवली. पाहुणे यायला अर्धा तास होता. दोन मिनिटं सगळं ठीक वाटलं. मग कडेने तेल दिसायला लागलं. मी आणखी जोरात ढवळलं. बघता बघता खाली रबरासारखा गोळा, मध्ये पाणचट दूध आणि वर पिवळ्या तेलाचा थर. आपल्या स्वयंपाकात तेल सुटलं की मसाला झाला असं समजतात. इथं तेल सुटलं की चीज हातातून गेलं.

आईनं पातेल्यात डोकावून पाहिलं. तिनं आयुष्यात केसो खाल्ला नव्हता.

“फुटलं रे हे,” ती म्हणाली. “कढी फुटते ना, तसं झालंय. पीठ लावलं नव्हतंस का?”

मी म्हटलं, “अगं, चीजला कुठे पीठ लावतात?”

“मग टिकेल कसं?” एवढंच बोलून ती चिप्स वाडग्यात काढायला गेली.

त्या दिवशी पाहुण्यांनी चिप्स टोमॅटोच्या साल्साबरोबर खाल्ल्या. मला मात्र आईचा प्रश्न सोडेना. टिकेल कसं? पुढचे आठ शनिवार आम्ही दोघांनी त्या प्रश्नावर घालवले, आणि आज मी केसो करतो तो पूर्ण त्या शनिवारांतून आलेला आहे.

कढीचं आधी सांगतो, कारण सगळं तिथंच आहे. ताक नुसतं तापवलं की त्यातली प्रथिनं एकमेकांना चिकटून चोथा होतात आणि पाणी वेगळं होतं. म्हणून आपण ताकाला डाळीचं पीठ लावतो, मंद आचेवर ठेवतो, सारखं ढवळतो आणि खळखळून उकळी येऊ देत नाही. पिठातला स्टार्च फुगतो आणि प्रथिनांच्या मध्ये शिरून बसतो, त्यामुळे त्यांना एकत्र येता येत नाही. आईला हे शास्त्र म्हणून माहीत नाही, पण तिची कढी कधी फुटलेली मी पाहिली नाही.

चीजमध्येही तेच. चीज म्हणजे दुधातल्या केसिन या प्रथिनाची जाळी. ही जाळी कॅल्शियमनं सांधलेली असते आणि तिच्या आत स्निग्धांश आणि पाणी अडकलेलं असतं. हळूहळू तापवलं तर जाळी सैल होऊन चीज वाहायला लागतं. जास्त तापवलं की जाळी आक्रसते आणि आतलं तेल-पाणी बाहेर फेकते. चीज जितकं जास्त मुरलेलं, तितकी त्याची प्रथिनं तुटून आखूड झालेली असतात, आणि अशी जाळी तेल धरून ठेवू शकत नाही. म्हणजे माझं महागाचं, दोन वर्षं मुरवलेलं चेडर या कामाला सगळ्यात वाईट होतं. आता मी कमी मुरलेलं, सौम्य चेडर घेतो आणि त्यात निम्मं मॉन्टेरे जॅक. जॅक पांढरं, मऊ असतं आणि फार छान वितळतं. चवीला तिखटपणा हवा असेल तर जुनं चेडर मूठभर घालावं, त्याहून जास्त नाही.

पहिल्या शनिवारी आम्ही कढीचीच युक्ती वापरली. बेसनाची चव आली असती म्हणून कॉर्नफ्लॉवर घेतलं. 300 ग्रॅम चीज किसून त्याला एक मोठा चमचा कॉर्नफ्लॉवर चोळलं, म्हणजे प्रत्येक किसाला पीठ लागेल. दुधाच्या जागी आटवलेल्या बिनसाखरेच्या दुधाचा डबा घेतला. इथं तो ‘इव्हॅपोरेटेड मिल्क’ म्हणून मिळतो, साधारण साडेतीनशे मिलीचा. दुधातलं निम्म्याहून जास्त पाणी काढलेलं असतं, त्यामुळे प्रथिनं दाट असतात आणि तीही चीजला सांभाळून घेतात. मंद आच, सतत ढवळणं. पाच मिनिटांत पातेल्यात गुळगुळीत, चमकदार केसो तयार झाला. आईनं डाव वर उचलला, धार बघितली आणि म्हणाली, “पळीवाढं झालंय.” दाटपणासाठी याहून नेमका शब्द मला अजून सापडलेला नाही.

हा प्रकार आजही कुणी विचारला तर मी आधी हाच सांगतो. सगळं सामान कुठल्याही घरात असतं आणि तो सहसा दगा देत नाही. पण एक अडचण आहे. तासाभरानं तो पिठल्यासारखा आळतो. चार जणांत दहा मिनिटांत संपवायचा असेल तर काही बिघडत नाही. सुपर बोल साडेतीन-चार तास चालतो, माणसं येतात-जातात, मध्यंतरानंतर पुन्हा खायला बसतात. तेवढा वेळ टिकायला दुसरं काहीतरी हवं होतं.

इथं आमच्या शेजारच्या आजोबांचा उल्लेख करायलाच हवा. त्यांचा जन्म टेक्ससमधलाच. त्यांची कृती दोन ओळींची: पिवळ्या प्रोसेस्ड चीजची 2 पौंडांची एक वडी आणि टोमॅटो-हिरव्या मिरचीचा एक डबा. चीज व्हेलवीटा, डबा रोटेल. दोन्ही एकत्र वितळवायचं, झालं. टेक्ससच्या असंख्य घरांत केसो म्हणजे हाच. पूर्वी मला वाटायचं, हा घाईचा मार्ग, खरं चीज नव्हे. पण त्यांचा केसो दुपारी दोनला टेबलावर यायचा आणि रात्री आठलाही तसाच्या तसा असायचा. माझा काही मिनिटांतच फुटला होता. मग मी त्या वडीच्या वेष्टनावरचे घटक नीट वाचले, आणि तिथून सोडियम सायट्रेटपर्यंत, म्हणजे सायट्रिक ॲसिडपासून होणाऱ्या एका क्षारापर्यंत पोहोचलो.

हे प्रकरण शंभर वर्षांहून जुनं आहे. 1911 साली स्वित्झर्लंडमधल्या थुन गावी वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर या दोघांनी एमेंटल चीज सोडियम सायट्रेट घालून वितळवलं. उष्ण देशांत पाठवलं तरी टिकेल असं चीज त्यांना हवं होतं. पाच वर्षांनी, 1916 मध्ये, जेम्स क्राफ्टनं अमेरिकेत आपल्या प्रोसेस्ड चीजचं पेटंट घेतलं. सायट्रेट करतं काय, तर केसिनच्या जाळीतलं कॅल्शियम स्वतःकडे ओढून घेतं आणि तिथं सोडियम देतं. कॅल्शियमचे सांधे सुटले की प्रथिनं मोकळी होतात आणि एका बाजूनं तेलाला, दुसऱ्या बाजूनं पाण्याला धरून ठेवतात. पीठ नुसतं मध्ये उभं राहतं. सायट्रेट मात्र जाळीचीच बांधणी बदलतं. म्हणून त्याचा केसो थंड होऊन पुन्हा गरम केला तरी गुळगुळीत राहतो. स्विस लोक फोंड्यूमध्ये आंबट व्हाइट वाइन किंवा लिंबाचा रस घालतात, तेही याच जातीचं काम करतं. वाइनमधलं टार्टरिक आम्ल कॅल्शियम पकडतं.

सोडियम सायट्रेटची पुडी ऑनलाइन मिळते. पण तिसऱ्या शनिवारी माझ्याकडे ती नव्हती, म्हणून घरीच केलं. आईकडे ढोकळ्यासाठी आणलेलं सायट्रिक ॲसिड होतं. आपल्याकडे किराणा दुकानात त्याला लिंबूसत्व म्हणतात. वजनकाट्यावर 9 ग्रॅम लिंबूसत्व आणि 12 ग्रॅम खाण्याचा सोडा मोजला. पातेल्यात अर्धी वाटी पाणी घेऊन लिंबूसत्व विरघळवलं आणि सोडा चिमटी चिमटीनं टाकत गेलो. प्रत्येक चिमटीला पाणी फसफसून वर यायचं, पांढरा फेस पातेल्याच्या कडेपर्यंत चढायचा आणि खाली बसायचा. एकदम सगळा सोडा टाकला तर ओट्यावर सांडणार हे नक्की, म्हणून मोठं पातेलं घ्यावं. शेवटच्या चिमटीनंतर मंद आचेवर दोन-तीन मिनिटं ठेवलं. बुडबुडे थांबले, पाणी पुन्हा निवळ झालं. आईनं बोट बुडवून चव घेतली. “खारट लागतंय. आंबट गेलं की रे कुठे?” आंबटपणा सोड्यानं खाल्ला होता आणि मागे उरलं होतं ते सायट्रेट, साधारण 12 ग्रॅम. साडेतीनशे ग्रॅम चीजला एवढं पुरतं. विकतची पुडी असेल तरी तितकंच घ्यायचं. जास्त झालं तर जिभेवर खारट-तुरट चव राहते. मीठ सगळ्यात शेवटी, चाखून घालावं. बहुतेक वेळा लागतच नाही.

मिरच्यांबद्दल मी जरा जास्त सांगणार आहे, कारण नुसतं वितळलेलं चीज दोन घासांनंतर जड वाटतं आणि केसो खाल्ला जातो तो मिरचीमुळे. मी दोन मोठ्या पोब्लानो आणि दोन हालापेन्यो घेतो. पोब्लानो गडद हिरवी, रुंद खांद्यांची, तिखटाला सौम्य. तिची साल जाड असते, ती भाजून काढावीच लागते. वांग्याच्या भरतासाठी वांगं भाजतो, अगदी तसं. गॅसच्या ज्योतीवर थेट ठेवायची आणि चिमट्यानं फिरवत राहायचं. आधी साल तडतडते, मग फोड येतात, मग काळी पडते. सगळीकडून काळी झाली की वाडग्यात टाकून वर ताटली झाकायची. पंधरा मिनिटांत वाफेनं साल सुटते. ती नळाखाली धुऊन काढायचा मोह होतो, पण मग धुराचा वास पाण्याबरोबर निघून जातो. आईनं कोरड्या हातानंच, बोटांच्या पेरांनी साल ओढून काढली. दोन-चार काळे ठिपके राहिले तर राहू द्यावेत. आमच्या आधीच्या घरात विजेची शेगडी होती, तिथं मी ओव्हनच्या वरच्या जाळीखाली मिरच्या भाजायचो. चालतं, पण ज्योतीचा वास येत नाही.

आता सगळं एकत्र कसं येतं ते सांगतो. जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर लोण्यावर बारीक चिरलेला अर्धा कांदा मऊ होईपर्यंत परतायचा, लाल करायचा नाही. त्यात जिरेपूड अर्धा चमचा, लसणीची एक पाकळी ठेचून. मग साधारण 300 मिली दूध आणि पुडीतलं सायट्रेट. घरी केलेलं सायट्रेटचं पाणी असेल तर दूध तेवढं कमी घ्यायचं. दूध वाफाळलं की आच अगदी बारीक करायची आणि चीजचा कीस मुठीमुठीनं घालायचा. एक मूठ पूर्ण विरघळल्याशिवाय दुसरी नाही. पहिल्या दोन मुठींना वाटतं, दूधच आहे, काही होणार नाही. चौथ्या मुठीला उलथन्याचा माग पातेल्यात क्षणभर दिसायला लागतो. शेवटी मिरच्यांचे तुकडे आणि बिया काढलेला टोमॅटो. टोमॅटोचं पाणी आधी गाळून टाकावं, नाहीतर केसो सैल पडतो. गरम असताना तो हवा त्यापेक्षा किंचित पातळच ठेवायचा, वाडग्यात गेला की आळतो.

कीस घरीच करावा हेही आम्ही अनुभवानं शिकलो. पाकिटातल्या किसलेल्या चीजला चिकटू नये म्हणून सेल्युलोज किंवा बटाट्याचा स्टार्च लावलेला असतो, त्यानं केसो खरखरीत होतो. शिवाय त्यात आणखी एक मुद्दा होता, जो मला मंडळातल्या एका जैन वहिनींनी फोनवर सांगितला. त्या कांदा-लसूण खात नाहीत हे मला माहीत होतं, पण बटाटाही खात नाहीत हे चीज निवडताना माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. “भावजी, पाकिटाच्या मागे वाचा,” त्या म्हणाल्या. मी वाचलं, आणि बटाट्याचा स्टार्च होताच.

पाकिटाची मागची बाजू वाचायला लागलो की रेनेटही येतंच. दूध गोठवायचं हे विकर पूर्वी वासराच्या पोटातून काढत, आणि काही चीजमध्ये आजही तेच असतं. अमेरिकेत 1990 पासून सूक्ष्मजीवांकडून बनवून घेतलेलं कायमोसिन, म्हणजे रेनेटमधलं मुख्य विकर, वापरायला परवानगी आहे आणि आता बहुतेक चीज त्यावरच होतं. पण वेष्टनावर नुसतं ‘एन्झाइम्स’ लिहिलेलं असलं तर कळायला मार्ग नसतो. शाकाहारी पाहुणे असतील तर मी ‘व्हेजिटेरियन रेनेट’ किंवा ‘मायक्रोबियल’ असं स्पष्ट छापलेलंच चीज घेतो आणि वेष्टन टाकून न देता ओट्यावर ठेवतो, म्हणजे ज्याला बघायचं त्याला बघता येतं. आपल्या घरी येऊन कुणी शंका मनात धरून खावं, हे मला आवडत नाही.

सुपर बोलच्या रविवारी आमच्याकडे अठरा माणसं होती. मी दोन केसो केले. एक कांदा-लसणीचा, एक दोन्हींशिवाय, हिंगाची चिमूट घालून. दुसरा आईच्या ताब्यात होता, आणि खरं सांगतो, चवीला तोच उजवा होता. हिंग आणि भाजलेली मिरची यांचं चीजबरोबर असं जुळेल हे मला वाटलं नव्हतं. दोन्ही केसो छोट्या स्लो कुकरमध्ये काढले आणि बटण ‘वॉर्म’वर ठेवलं. गरम पदार्थ 60 अंश सेल्सियसच्या खाली फार वेळ ठेवू नयेत, दोन तासांहून जास्त तर नाहीच, म्हणून मी थर्मामीटर घालून दोनदा बघितलं. 65 च्या आसपास होतं. दर अर्ध्या तासाला येऊन ढवळायचं, कारण वर साय धरते. दाट वाटला तर चमचाभर गरम दूध. गार दूध घातलं की मध्येच गुठळी होते.

मध्यंतराच्या वेळी शेजारचे आजोबा चिप घेऊन वाडग्याशी आले. त्यांनी चिप बुडवली, उचलली, खाल्ली आणि दुसरी घेतली. मग हिंगवाल्या केसोकडे वळले. “यात काय आहे?” त्यांनी विचारलं. मी आईकडे बोट दाखवलं. आईला इंग्रजी बोलायचा संकोच वाटतो. तिनं आत जाऊन हिंगाची डबी आणली, झाकण उघडून त्यांच्यासमोर धरली. त्यांनी वास घेतला, डोळे मिटले आणि मग पुन्हा वाकून वास घेतला. त्यानंतर ते त्याच वाडग्यापाशी खुर्ची ओढून बसले.

साडेतीन तासांनी, सगळे निघाले तेव्हा, पहिल्या वाडग्यात तळाशी दोन डाव केसो उरला होता. मी उलथन्यानं उचलून बघितला. तेलाचा थेंब नाही, गुठळी नाही. फुटला असता तरी आता सावरता आला असता. चमचाभर दुधात चिमूटभर सायट्रेट विरघळवून घालायचं आणि मंद आचेवर हँड ब्लेंडर फिरवायचा, बहुतेक वेळा येतो ताळ्यावर. उरलेला दुसऱ्या दिवशी आईनं गरम करून ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्ला.

आई मार्चमध्ये परत गेली. गेल्या महिन्यात तिच्या घरी भिशी होती आणि तिला हेच करायचं होतं. सांगलीत सायट्रेट शोधायची गरजच नव्हती. अमूलच्या प्रोसेस्ड चीजच्या घटकांत सोडियम सायट्रेट आधीच असतं, आणि वेष्टनावर हिरवा ठिपकाही. मी तिला सांगितलं, आठ क्यूब किसून घे, म्हणजे 200 ग्रॅम होतील, आणि पाऊण कप दूध. पोब्लानोऐवजी भज्यांच्या जाड मिरच्या भाजून घे. चिप्सऐवजी तिनं खाकरे आणि भाकरीचे कडक भाजलेले तुकडे ठेवायचं ठरवलं होतं.

माझी रात्र होती, तिची सकाळ. तिनं फोन मिठाच्या बरणीला टेकवून ओट्यावर उभा केला. मला पातेल्याची अर्धी कड आणि तिचा हात दिसत होता. मिरच्यांचा ठसका लागून ती मध्येच खोकली.

“दूध गार घालू की गरम?”

“गरम. फक्त उकळी नको.”

“ते ठाऊक आहे मला,” ती म्हणाली आणि ढवळत राहिली. थोड्या वेळानं तिनं डाव उचलून फोनसमोर धरला. धार जाड होती, तुटत नव्हती.

“पळीवाढं?”

“अजून दोन चमचे दूध, आई.”